चेअरमनच्या खांद्यावर

आमच्या शेजारी दूध सोसायटीचे चेअरमन राहतात. दुष्काळात गावात दूध उरलं नाही, पण चेअरमन होते. घरात चहा मागतानाही ते टाळ्यांना जागा सोडत थांबत थांबत बोलतात.

त्यांची नात दिवस भरण्याआधीच जन्मली. पाजलेलं दूध वर यायचं. गेवराईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधाची गरज नाही. थोडं थोडं पाजा आणि नंतर अर्धा तास उभं धरा."

चेअरमन माझ्याकडे येऊन भडकले. "औषधच देत न्हाईत, तर डॉक्टर कावून झाल्या?"

पण सून थकली, तेव्हा त्यांनीच नातीला खांद्याशी उभं धरलं आणि तसेच सोसायटी चालवत असलेल्या चारा छावणीच्या बैठकीला आले. दोन दिवस जनावरं उपाशी होती. लोक ओरडू लागले. एरवी चेअरमनांनी तासभर भाषण ठोकून सरकारला दोष दिला असता. आता आवाज चढवायची सोय नव्हती.

"हळू बोला रे, लेकरू आत्ताच पिलंय," ते कुजबुजले. "चूक माझी हाय. उद्या चारा आणतो."

दुसऱ्या दिवशी चारा खरंच आला.

नात आता छान बाळसं धरून अंगणात रांगते, चेअरमनांचा खांदा मोकळा झालाय. आनंदच आहे, पण छावणीतल्या जनावरांसाठी मला जरा काळजी वाटते.