चुका लिहिणारी माणसं

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. डॉक्टरांकडे ते पोत्यानं असतात, बँकेतल्यांकडेही बरे असतात. पण कंपायलरच्या टेस्ट लिहिणाऱ्या आम्हा चौघांकडे एवढे कसे साठले, हे आमच्या घरच्यांना अजून कोडं आहे. त्यांच्या मते आम्ही दिवसभर नुसते स्क्रीनकडे बघत बसायचो!

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅमर जे लिहितो ते मशीनला कळेल अशा भाषेत उतरवणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. आमचा कंपायलर अमेरिकेत हेड ऑफिसला तयार व्हायचा आणि आम्ही पुण्यात कर्वेनगरला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, त्याची परीक्षा घ्यायचो. बरोबर प्रोग्रॅम दिला तर त्यानं नीट उतरवायचा, चुकीचा दिला तर नाकारायचा. त्यामुळे आम्ही बरोबर प्रोग्रॅम लिहायचो आणि चुकीचेही लिहायचो, अगदी विचार करून चुकीचे! नव्वदीचं दशक होतं, आज आयटी कंपन्यांनी भरलेल्या खराडीला तेव्हा शेतं होती.

एक टांगती तलवार मात्र कायम होती. आमच्या जुन्या, संथ मशीनवर सगळ्या टेस्ट चालायला दोन दिवस लागायचे. हेड ऑफिसचा साहेब रॉबर्ट प्रत्येक रिलीजला, म्हणजे कंपायलरची नवी आवृत्ती निघताना, विचारायचा, "एवढ्या टेस्ट कशाला? निम्म्या करा. मग माणसंही निम्मी पुरतील." चौघांतले दोघं कोण, हे कोणी उघड बोलत नव्हतं. पण डबा खाताना सगळे एकमेकांकडे बघायचे.

*

आमच्या प्रमुख देवधर मॅडम. माझा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला. मी रात्रंदिवस अभ्यास करून गेले होते आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या खोलीत काय काय चुकलंय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "घड्याळ मागे आहे. कॅलेंडरचं पान गेल्या महिन्याचं आहे. आणि आपण मला अजून बसा म्हणालेला नाहीत."

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या.

बसा मात्र शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत!

*

आमच्यातला शिरीष मुलगी बघायला गेला. मुलीचे वडील रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी विचारलं, "आपण नेमकं काय करता?"

"चुकीचे प्रोग्रॅम लिहितो."

"आणि बरोबर?"

"तेही लिहितो. पण चुकीचे जास्त चांगले जमतात."

शिरीषची आई कपाळाला हात लावून बसली. दुसऱ्या दिवशी होकार आला! हेडमास्तर म्हणाले होते, "तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. स्वतःहून कबूल करणारा हा पहिलाच."

*

याच शिरीषला आपल्या टेस्टचा फार अभिमान. "माझी एकही टेस्ट कधी फेल झालेली नाही," असं येताजाता ऐकवायचा. मॅडम ऐकून घ्यायच्या.

एक दिवस मॅडमनी आमच्याकडच्या कंपायलरच्या कॉपीत मुद्दाम खोडी करून ठेवली. बेरीज सांगितली की तो वजाबाकी करणार. मग म्हणाल्या, "शिरीष, चालव बघू तुझ्या टेस्ट."

सगळ्या पास!

"शिरीष," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या टेस्ट फार समजूतदार आहेत रे. काहीही चालवून घेतात."

तेव्हापासून आमच्याकडे रिवाजच पडला. नवी टेस्ट लिहिली की आधी ती मोडक्या कंपायलरवर पाडून दाखवायची. तिथं पडली, म्हणजे तिनं चूक पकडली, तरच तिला घरात घ्यायचं. पुढे मी बऱ्याच मोठ्या कंपन्या पाहिल्या, पण इतकी कडक शिस्त कुठं दिसली नाही. आमच्या गिरणीवरच्या माडीत होती, याचा मला आजही अभिमान आहे.

*

प्रवीण वर्ध्याहून आला. हुशार आणि कष्टाळू. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी त्याला चुकीच्या प्रोग्रॅमांचा फोल्डर वाचायला दिला आणि त्या दोन दिवस मुंबईला गेल्या. परत आल्या तर प्रवीण दारातच उभा.

"मॅडम, त्याच्यात लय मिस्टेका होत्या जी! मी सगळ्या दुरुस्त करून टाकल्या!"

आम्ही मॅडमकडे पाहिलं. वर्षभर घाम गाळून केलेल्या चुका होत्या त्या!

मॅडमनी शांतपणे विचारलं, "एकही सुटली नाही ना?"

"नाही जी!"

"छान. आता तेवढ्याच मन लावून परत चुकव."

बॅकअप होता. पण ते प्रवीणला सांगायचं नाही, अशी आम्हाला डोळ्यांनीच ताकीद मिळाली. बिचाऱ्यानं खाली मान घालून अख्खा फोल्डर नव्यानं चुकवला. आणि गंमत म्हणजे त्याच्या दोन चुका कंपायलरनं निमूट गिळल्या! आमच्या जुन्या चुकांना कधीच न सापडलेले, कंपायलरमधले दोन बग. प्रवीण त्या दिवशी रडवेला झाला होता, पण आनंदानं.

*

मग एकदा रॉबर्ट स्वतःच पुण्याला आला. निम्म्या टेस्ट काढल्याशिवाय परत जाणार नाही, असं सांगूनच आला होता. सकाळपासून तो आणि मॅडम एका स्क्रीनसमोर, आम्ही तिघं मागे उभे. प्रत्येक टेस्टला तो विचारायचा, "ही का हवी?" आणि मॅडम सांगायच्या, ही काढली तर कोणती चूक निसटेल ते. दुपारपर्यंत एकही टेस्ट हलली नव्हती. रॉबर्टचा पारा चढत होता.

शेवटी त्याला एक सापडली. अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात आणखी अट, असा भयानक गुंता. रॉबर्ट खुर्चीत मागे रेलला. "ही तर काढाच! कुठलाही शहाणा माणूस असा प्रोग्रॅम लिहिणार नाही."

आमचा कंपायलर ज्या भाषेतले प्रोग्रॅम उतरवायचा, स्वतःही त्याच भाषेत लिहिलेला होता. मॅडमनी त्याच्या आतली एक फाइल उघडली. हुबेहूब तोच गुंता! मग त्या हळूहळू फाइलच्या वर गेल्या. तिथं लिहिणाऱ्याचं नाव होतं. रॉबर्टचं.

"मलाही तसंच वाटलं होतं," मॅडम म्हणाल्या.

रॉबर्टचे कान लाल झाले. मग त्यानं वळून आम्हा तिघांकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच, आणि मॅडमना विचारलं, "तुम्हाला अजून किती माणसं हवीत?"

"माणसं चांगली आहेत," मॅडम म्हणाल्या. "मशीन बदला."