पानिपतजवळचा हिरवा डबा आणि बाबांची वही

लष्कराने मोडीत काढलेला एखादा डबा विकत घ्यायचा, तो जुन्या ट्रकवर चढवायचा, आत पलंग आणि शेगडी बसवायची आणि दोन वर्षं देश हिंडायचा, हे खूळ मूळचं अविनाशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. जुलैत तो निवृत्त होणार. त्यानंतर आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार. नोएडात फ्लॅट घ्यायचा बेत पक्का होता, अगदी टाइल्सचा रंगसुद्धा ठरला होता. तेवढ्यात त्याला कुठेतरी या डब्याचा फोटो दिसला आणि टाइल्स मागे पडल्या.

ज्यांनी असला डबा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. याला म्हणतात ट्रक शेल्टर. लष्कराच्या ट्रकच्या पाठीवर जी बंद, चौकोनी, हिरवी खोली दिसते, ती. तिच्यात वायरलेसचे सेट असतात, नकाशे असतात, क्वचित दवाखानाही असतो. भिंती दुहेरी, बाहेरून आणि आतून अॅल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये फोम, त्यामुळे ऊनथंडी आत शिरत नाही. जुने झाले की लिलावात निघतात आणि कुठल्यातरी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडतात. आमचा असा पडला होता पानिपतच्या अलीकडे, हायवेला लागून. साताऱ्याहून माझ्या भावाने फोनवर विचारलं, खरेदीला दुसरं गाव मिळालं नाही का. मराठी माणसाने पानिपतचं नाव काढलं की हे ऐकून घ्यावंच लागतं.

आता बाबांबद्दल. माझे वडील. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी वायरलेसवर. आई गेल्यापासून आमच्याकडे आहेत, पण राहतात पाहुण्यासारखे. टॉवेलसुद्धा स्वतःच्या बॅगेत घडी करून ठेवतात. मुलीच्या घरी किती दिवस राहायचं, ही त्यांच्या पिढीची अडचण मी जाणून आहे. क्वार्टर सुटलं की गावी जाऊन एकटं राहणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. अठ्ठ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे बोलणारे, आणि गावच्या घरात चूल पेटवायला कोणी नाही. मला त्या विचाराने झोप लागत नसे. आमच्याबरोबर हिंडायला चला म्हटलं की म्हणायचे, म्हाताऱ्याचं ओझं कशाला. पण अविनाशने डब्याचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अविनाशराव, हा मी बघितल्याशिवाय घेऊ नका. डबा चांगला निघाला तर मी येतो तुमच्याबरोबर. नाही निघाला तर गावी जातो." अशी अट त्यांनी स्वतःच घातली. माझं सगळं त्या डब्याच्या तब्येतीवर येऊन ठेपलं.

फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी सव्वासहाला निघालो. बाबा पाचपासून बूट घालून बसले होते. रिंग रोडवर धुकं होतं, पण समोरच्या गाडीचे दिवे दिसण्याइतपत. तुम्ही याच मोसमात जाणार असाल तर सातनंतर निघा, आमच्यासारखी घाई करू नका. मुकरबा चौक ओलांडला, सिंघू बॉर्डर मागे पडली आणि मुरथलच्या आसपास ऊन आलं. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. पराठे परतीच्या वाटेवर खायचे असं ठरलं, कारण बाबांच्या मते तपासणी भरल्या पोटी होत नाही. समालखा सोडलं की थोड्या वेळाने डावीकडे ट्रकच्या केबिनी, टायर आणि पाण्याच्या टाक्या रचलेलं ते आवार दिसतं. घरापासून अडीच तास. रस्ता उत्तम, टोल फास्टॅगवर कापला जातो, तेव्हा आदल्या दिवशी बॅलन्स बघून ठेवा.

आवाराचे मालक दलबीरजी. उंच, मिशाळ, हातात मुळ्याची भाजी आणि रोटी. त्यांनी आधी आम्हाला चहा पाजला आणि मगच डब्याकडे नेलं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात जसं सगळे नको तेवढं गोड बोलतात, तसं चाललं होतं. डबा विटांच्या थरावर उभा होता. हिरवा रंग उडालेला, मागे दार, दाराला घडीची शिडी, बाजूला दोन झडपा. दलबीरजी म्हणाले, "बाऊजी, एक बूंद अंदर नहीं आएगी. लिख के दे दूंगा." बाबांनी त्यांच्याकडे न बघता खिशातून वही काढली.

या वहीबद्दल सांगायलाच हवं. बाबांनी आदल्या दिवशी पट्टीने रकाने आखले होते. अनुक्रमांक, वस्तू, शेरा. एकूण अठरा ओळी. उचलायच्या कड्या, कोपरे, दाराचं रबर, बिजागऱ्या, जमीन, छत, चार भिंती, वायरिंग, झडपा, असं सगळं. नोकरीत ते असंच करत आले. वस्तू हाताने बघायची, मग बरोबरची खूण करायची. खूण झाली की ती वस्तू पास, आणि तिची जबाबदारी त्यांची.

पहिला विनोद अविनाशने केला. दलबीरजींनी बॅटरी जोडली, आम्हाला आत घेऊन दार लावलं आणि दिवा लावून दाखवला. अविनाशने दार उघडलं, दिवा गेला. बंद केलं, दिवा आला. उघडलं, पुन्हा गेला. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की वायरिंग सगळं बदलावं लागणार, यावर भाव पाडता येईल. बाबा हसले, आणि ते मोठ्याने हसले की खोकला येतो, तसा आला. मग त्यांनी समजावलं. रात्री जंगलात डबा उभा असतो, दार उघडलं की आतला उजेड मैलभर दिसेल, म्हणून दार उघडताच दिवा आपोआप जातो. बिघाड नाही, तीच तर त्याची हुशारी. अविनाशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि दलबीरजींनाही हे नवंच होतं. गेले चार महिने तेही गिऱ्हाइकांना "छोटीसी खराबी है" म्हणून सांगत होते.

मग बाबांनी आम्हा तिघांना पुन्हा आत घेतलं, दार लावलं आणि दिवा घालवायला सांगितला. कुठे भोक असेल तर बाहेरचं ऊन आत टोचेल, ते शोधायचं. पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. आत जुन्या रबराचा आणि रंगाचा वास होता. काळाकुट्ट अंधार, कुठेही उजेडाचा ठिपका नाही. त्या अंधारात बाबा म्हणाले, "तुझ्या आईला एकदा दाखवायचा होता. मी कुठे बसून काम करतो ते. परवानगी नसायची." मला रडू आलं आणि अंधार होता हे बरं झालं.

पुढे छतावर पाइपने पाणी सोडलं, दहा मिनिटं. आत थेंबही नाही. कड्या ओढून पाहिल्या, जमिनीवर उडी मारायला अविनाशला लावलं. शेवटी भिंती. ही युक्ती लिहून ठेवा, असला डबा घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे. बाबांनी जुनं, जाड रुपयाचं नाणं काढलं आणि भिंतीवर टकटक वाजवत गेले. पत्रा आतल्या फोमला घट्ट चिकटलेला असेल तर आवाज खणखणीत येतो. आत पाणी मुरून फोम सुटला असेल तर बद्द येतो. माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच. दाराची भिंत झाली, उजवी झाली, पुढची झाली, डावीकडे आले. बाजूच्या आवारात कटर सुरू होता, मला नीट ऐकू येत नव्हतं. डाव्या भिंतीच्या मागच्या कोपऱ्याशी बाबा थांबले, नाणं खिशात टाकलं आणि म्हणाले, ठीक आहे. मला वाटलं गुडघे दुखायला लागले.

कागद पाहिले. लिलावाची पावती आणि माल बाहेर काढल्याचा कागद हे दोन्ही असल्याशिवाय असल्या वस्तूला हात लावू नका. शिवाय खासगी गाडीला लष्करी हिरवा रंग चालत नाही, तो बदलावा लागतो, आणि ट्रकवर डबा चढवायला आरटीओची परवानगी लागते. किमतीचा आकडा मी देणार नाही, कमेंटमध्ये भांडणं होतात. अविनाशने बयाणा दिला, दलबीरजींनी गाजराचा हलवा दिला. परतताना गाडीत मी गात होते, याचे साक्षीदार दोन आहेत.

मुरथलला पराठे मागवले. आलू-प्याज दोन, गोभी एक, वर पांढरं लोणी, तिघांचं मिळून हजाराच्या आत. पराठे येईपर्यंत मी बाबांची वही घेतली आणि अविनाशला चिडवायला मोठ्याने वाचायला लागले. कड्या, खूण. कोपरे, खूण. वायरिंग, खूण, पुढे कंसात "अविनाशराव यांना समजावले". चौदाव्या ओळीवर डावी भिंत होती आणि तिच्यापुढचा रकाना कोरा होता.

"बाबा, ही एक राहिली की." असं म्हणत मी पेन पुढे केलं.

बाबांनी पेन घेतलं नाही. पराठे आले, लोणी वितळायला लागलं, तरी ते ताटाला हात लावेनात. मग खाली बघत म्हणाले, "राहिली नाही. मागच्या कोपऱ्यात बद्द वाजते. हातभर जागा आहे, आत पाणी मुरलंय. मला कळलं होतं."

अविनाशने विचारलं, मग तिथेच का नाही सांगितलं. विचारताना त्याचा आवाज जराही चढला नाही, त्याबद्दल मी त्याला पुढचे चार महिने काही बोलणार नाही.

"नापास म्हटलं असतं तर गावी जावं लागलं असतं," बाबा म्हणाले. "मीच बोलून बसलो होतो ना."

तेव्हा मला कळलं. ओझं कशाला, गुडघे दुखतात, मुलीच्या घरी किती दिवस, या सगळ्याच्या आत एक साधी गोष्ट होती, त्यांना आमच्याबरोबर यायचं होतं. ते तोंडाने मागता येईना म्हणून त्यांनी अट घातली, आणि स्वतःच्याच अटीत अडकल्यावर उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खराब माल सोडून दिला. तोंडाने ठीक आहे म्हणाले, पण वहीत खोटी खूण करायला हात चालला नाही. मला त्यांचा राग आला, हसू आलं आणि इतकं प्रेम आलं की मी सरळ सांगितलं, "बाबा, डबा मिळो न मिळो, तुम्ही आमच्याबरोबर राहणार आहात. नोएडात, ट्रकमध्ये, कुठेही." अविनाश म्हणाला, दिव्याचं गुपित सांगायला कोणी तरी हवंच. बाबांनी चष्मा पुसला आणि पराठ्याचा पहिला तुकडा मोडला.

आम्ही फोनवर कळवणार होतो, पण बाबा ऐकेनात. चूक समोरासमोर दुरुस्त करायची म्हणे. तेव्हा पराठे संपवून, गाडी वळवून, पुन्हा पाऊण तास उलटे गेलो. दलबीरजी खाटेवर उन्हात आडवे होते. बाबांनी खडू मागून घेतला आणि डाव्या भिंतीवर बरोब्बर त्या जागेभोवती चौकोन काढला. मग हात जोडून म्हणाले की सकाळी आपण हे लपवलं.

दलबीरजी उठून बसले आणि मिशीतून हसले. "बाऊजी, मैंने देख लिया था. आपने यहां एक बार सिक्का मारा और जेब में रख लिया. मैंने सोचा, बाऊजी चुप हैं तो मैं क्यों बोलूं."

दोघेही एकमेकांकडे शाळेत पकडलेल्या पोरांसारखे बघत होते. मग सगळं भराभर ठरलं. तेवढा पत्रा कापायचा, ओला फोम काढायचा, वाळवून नवीन भरायचा, वर नवा पत्रा ठोकायचा, खर्च दलबीरजींचा. कापताना बाबा स्वतः हजर राहणार, ही अट मात्र दलबीरजींनी घातली. म्हणाले, बाऊजींच्या वहीत खूण झाली की पुढच्या गिऱ्हाइकाला तीच वही दाखवीन.

अंधार पडायच्या आत घरी आलो. जायला यायला मिळून, उलट्या फेरीसकट, साधारण अडीचशे किलोमीटर. प्रवासवर्णन म्हणून पाहिलं तर यात ना किल्ला, ना नदी. मोहरीची शेतं, एक भंगाराचं आवार आणि दोनदा ओलांडलेलं मुरथल. पण मी आजवर केलेल्या कुठल्याही सहलीपेक्षा ही सहल मला जास्त देऊन गेली आहे, हे मी शांतपणे लिहिते आहे.

रविवारी सकाळी बाथरूमच्या दांडीवर आमच्या टॉवेलांशेजारी बाबांचा टॉवेल वाळत होता. ते भाजी आणायला गेले होते आणि वही टेबलावर उघडी होती. चौदाव्या ओळीपुढे फुली होती आणि लिहिलं होतं, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणे. अठराव्या ओळीखाली पट्टीने एक नवी ओळ आखली होती. एकोणीस. आतली जागा. तीन माणसांना पुरेशी. पुढे बरोबरची खूण होती, आणि ती इतकी दाबून केली होती की मागच्या पानावरही उमटली होती.