ऑस्टीचा एकुलता एक गोल

टेसा ऑस्टरहाउट उलटी धावायची. सरळही धावायची, पण सरळ काय, कोणीही धावतं. बॉल घेऊन अंगावर येणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत डोळे घालून, मान न वळवता, सुसाट मागे मागे जायचं, हे काम मोहॉक खोऱ्यातल्या त्या गावात दोघांनाच जमायचं. एक टेसा आणि दुसरा तिचा बाप वेंडेल. तो दुधाचा टँकर कुठल्याही गोठ्याच्या अंगणात एका दमात उलटा घालायचा.

या गुणाने टेसाचं नुकसानच केलं. लॅक्रोस म्हणजे काठीच्या टोकाला असलेल्या जाळीत बॉल झेलायचा आणि तिच्यातूनच गोलात फेकायचा, असा खेळ. शाळेत ती काठी पहिल्यांदा हातात आली तेव्हा सगळ्या मुलींसारखे तिलाही गोल मारायचे होते. शिकवणाऱ्या बाईंनी तिला उलटं धावताना पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "तू मागे." त्या दिवशी जी मागे गेली, ती कॉलेजचं चौथं वर्ष उजाडलं तरी मागेच.

तळ्याकाठच्या एका छोट्या कॉलेजात तिचं नाव झालं; तिथे सगळे तिला ऑस्टी म्हणायचे. दुसऱ्या वर्षी संघातली जागा पक्की, तिसऱ्या वर्षी विभागातल्या उत्तम बचावपटूंमध्ये निवड, चौथ्या वर्षी कर्णधारपद. समोरचे संघ तिच्या बाजूने हल्ला करायचंच टाळायचे. मान मोठा, पण प्रेक्षकांना न दिसणारा. न झालेल्या गोलासाठी टाळ्या कोण वाजवणार? झालेल्या गोलाची गोष्टच वेगळी. माइकवर मिस्टर ग्रिंडल बसायचे. एरवी ग्रंथालयात कुजबुजत बोलणारा हा सज्जन माणूस गोल झाला की मारणारीचं नाव असं काही ताणायचा की तळ्यावरची बदकं उठून दुसऱ्या काठाला जायची. एकदा तरी त्या बदकांना आपल्या नावाने उठवावं, एवढीच टेसाची इच्छा होती. ही तिने कधी कोणाला सांगितली नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांना ठाऊक होती.

चौथ्या वर्षीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला. एप्रिल असूनही मैदानाच्या कडेला बर्फाचे मळके ढीग होते आणि आईबाप मंडळी गोधड्या पांघरून बसली होती. सामन्यानंतर दोन्ही संघांना जेवू घालणं हे पालकांचं काम. वेंडेल मिठाच्या पाण्यात उकडलेले बटाटे आणि पातेलंभर वितळलेलं लोणी घेऊन आला होता. सामना जिंकला तर पुढच्या फेरीत, हरला तर हंगाम तिथेच संपला.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा टेसाचा संघ एका गोलाने पुढे होता. तेवढ्यात टेसाने समोरच्या मुलीच्या काठीतून बॉल उडवला आणि जमिनीवरून टिपून घेतला. अशा वेळी ती बॉल लगेच निकोलेटकडे द्यायची. निकोलेट म्हणजे तिची खोलीतली सोबतीण आणि संघात सगळ्यांत जास्त गोल मारणारी. पण आज निकोलेटने हातच पुढे केला नाही.

"मला नको! तूच घेऊन जा."

"वेडी का तू? मागे कोण थांबणार?"

"मी थांबते ना! जा ऑस्टी, जा! नाहीतर आज खोलीत घेणार नाही तुला!"

टेसा सरळ धावली. किती दिवसांनी! दोघी आडव्या आल्या, त्यांना वाटलं ही आता कोणाला तरी बॉल देईल, कारण ही कायम देते. तिने दिला नाही. काठी फिरवली आणि बॉल गोलकीपरच्या गुडघ्याजवळून आत.

"गोऽऽल!" मिस्टर ग्रिंडल जवळजवळ रडलेच. "टेऽऽसा ऑऽऽस्टरहाउऽऽट!"

बदकं उठली. वेंडेलच्या हातातला वाढायचा डाव सुटून लोण्यात बुडाला.

आता इथे एक नियम मध्ये येतो. लॅक्रोसच्या काठीच्या टोकाला जाळीची खोळ असते. ती मापापेक्षा खोल असली तर बॉल तिच्यातून सुटता सुटत नाही, म्हणून गोलानंतर समोरचा संघ काठी तपासायला सांगू शकतो. तपासणी होईपर्यंत जाळीला बोट लावायचं नाही. लावलं तर गोल बाद. गोल मारणाऱ्या मुलींच्या हे अंगात मुरलेलं असतं. निकोलेट तर गोल झाला की तान्हं बाळ पाहुण्यांना दाखवावं तशी काठी दोन्ही हातांवर आडवी धरून उभी राहायची. बचाव करणाऱ्या मुलींना मात्र वेगळीच सवय. शिट्टी झाली की जाळीत अंगठा घालून दोऱ्या ताणून घ्यायच्या.

समोरच्या प्रशिक्षकांनी तपासणी मागितली. पंचबाईंनी हात पुढे केला. टेसा वळणाची मुलगी, कोणाला वस्तू द्यायची तर नीटनेटकी करून द्यावी. तिने जाळीत अंगठा घातला, दोऱ्या छान ताणल्या आणि हसतमुखाने काठी पंचबाईंच्या हातात दिली.

पंचबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की डॉक्टरसुद्धा वाईट बातमी देताना तसं पाहत नसतील. मग शिट्टी वाजली.

"अगं बयेऽऽ!" दूरवरून निकोलेट किंचाळली.

गोल बाद, बॉल समोरच्या गोलकीपरकडे. मिस्टर ग्रिंडल माइकवर म्हणाले, "गोल... अं... नाही," आणि पुन्हा ग्रंथालयातल्यासारखे कुजबुजू लागले.

रडायला वेळ नव्हता. दुसरी काठी उचलून टेसा मागे पळाली. समोरच्यांची सर्वांत जोरकस मुलगी बरोबरी करायला मुसंडी मारून येत होती. टेसा वळली, तिच्या नजरेला नजर देऊन उलटी धावू लागली आणि गोलापुढे पाय रोवून उभी राहिली. ती मुलगी येऊन टेसावर आदळली, दोघी चिखलात. शिट्टी. चूक धडकणारीची, बॉल टेसाचा. उरलेला वेळ निकोलेटने बॉल कोणाच्या हाती लागू दिला नाही आणि सामना जिंकला.

"डॅड, मी हात लावला," बटाट्यांपाशी येऊन टेसा म्हणाली.

"सगळ्यांनी पाहिलं, बाळ."

"काठी पुसूनच द्यायची होतीस ना," निकोलेट म्हणाली. "फडक्याने! पॉलिश करून!"

"गप गं."

"गोल मात्र झकास होता," धडकलेली ती मुलगी तोंडात बटाटा ठेवून मध्येच म्हणाली. वेंडेलने तिच्या ताटलीत आणखी लोणी ओतलं.

पुढचा सामना दूरच्या कॉलेजात झाला, आणि त्यात त्यांचा सपशेल पराभव होणार हे मध्यंतरालाच कळून चुकलं. शेवटी शेवटी बॉल टेसाकडे आला तेव्हा प्रशिक्षक मेर्ले बाई स्वतःच ओरडल्या, "जा ऑस्टी! आता काय फरक पडतो!"

निकोलेटही मागे थांबली. टेसा निघाली. समोर वाट मोकळी होती. पण आडवी आलेली मुलगी तिच्याकडे झेपावली, तेव्हा पलीकडे बिर्गिट दिसली. पहिल्या वर्षातली, काटकुळी, हंगामभर बाकावर बसून आज पहिल्यांदाच मैदानात उतरलेली. गोलापुढे एकटी उभी होती आणि काठी अशी धरली होती, जणू कोणीतरी थोडा वेळ सांभाळायला दिली आहे. टेसाला क्षणभर स्वतः मारावं असं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. आणि मग हातांनीच तिचं न ऐकता बॉल बिर्गिटकडे दिला.

बिर्गिटने डोळे मिटून मारला. गोल.

पोरगी थक्क होऊन आपल्या काठीकडे बघत राहिली. तिचा अंगठा हळूहळू जाळीकडे निघाला.

"हात लावू नकोऽऽस!" टेसा एवढ्या जोरात ओरडली की दोन्ही संघ जागच्या जागी थिजले. बिर्गिटने दचकून काठी जमिनीवर टाकली आणि दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे.

पंचांनी काठी उचलली, बॉल आत टाकून बाहेर घरंगळू दिला आणि मान डोलावली. तोपर्यंत टेसाने धावत येऊन त्या पोरीला कंबरेत धरून उचललं होतं. बिर्गिटचे हात अजून वरच होते.