सरांचं नाक

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा दिवस, दुपारची पंगत. हजर: आमच्या दूधगटातल्या बाया, त्यांची घरची माणसं, शेजारचा हॉटेलवाला आणि सर. गैरहजर: एकट्या शांताबाई, त्या सणाला माहेरी, जळकोटला गेल्या होत्या. कुठलीही गोष्ट हजेरीपासून सुरू करायची माझी सवय आहे. त्या दिवसाचं सगळं मात्र त्या एका गैरहजेरीपासून सुरू झालं.

सर म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. आमच्या गोठ्यात आले, की कशाचंही झाकण उघडून ते समोरच्याच्या नाकाखाली धरायचे आणि भुवया उडवून विचारायचे, "काय येतंय?" दूध असो, पेंड असो, फिनेल असो. आपण उत्तर द्यायचं, मग ते "शाब्बास" म्हणायचे. साठीच्या म्हाताऱ्यासुद्धा वर्गात बसल्यासारख्या घाबरून वास घ्यायच्या.

"नाक हे माणसाचं पहिलं उपकरण, सचिवबाई," ते मला म्हणायचे. गटाची सचिव असल्यामुळं माझं नाव त्यांनी हेच ठेवलं होतं. "त्याला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही."

सरांना आम्ही बोलावलं ते वासापायीच. गोठा येरमाळ्याजवळ, आमच्या शेताच्या बांधाला. पलीकडं रस्त्यावर हॉटेल. हॉटेलवाला रोज येऊन ओरडायचा, "तुमच्या म्हशी माझ्या गिऱ्हाइकाच्या चहात बसाय लागल्यात!" सरांनी दोन दिवस गोठा पाहिला आणि म्हणाले, "हा वास नाही, हे उधळलेलं खत आहे. आपण ते पकडू."

आणि पकडलं. शेणामुताचं पाणी बंद टाकीत घ्यायचं, त्यात चुना कालवायचा. चुन्यानं अमोनिया सुटतो. पंपानं ती हवा पातळ ॲसिडच्या पिंपातून न्यायची. ॲसिड अमोनिया धरून ठेवतं, उरलेली हवा नळीतून बाहेर जाते. पिंपातलं पाणी आटवलं, की खाली पांढरे खडे बसतात: उसाला घालायचं खत, अमोनियम सल्फेट. पहिले खडे निघाले तेव्हा सरांनी ते प्रसादासारखे सगळ्यांच्या तळहातावर ठेवले. एका बाईनं खरंच तोंडात टाकायला घेतले, तर सर केवढ्यानं ओरडले!

ॲसिडचा जोर संपला, की अमोनिया धरला जात नाही, नळीतून तसाच बाहेर पडतो. म्हणून रोज सकाळी नळीशी तपासणी. सर शांताबाईंना पुढं करायचे. "काय येतंय?" शांताबाई हुंगून म्हणायच्या, "काय न्हाय, सर." किंवा, "झोंबतंय थोडं." झोंबलं की ॲसिड बदलायचं. आम्हाला वाटायचं, सर त्यांना तयार करतायत.

येळवशीला सकाळी शांताबाई नव्हत्या. बाकीच्या आपापल्या शेतात पूजेत गुंतलेल्या. सर एकटेच नळीशी वाकले, मोठा श्वास घेतला आणि मला लांबूनच हात करून म्हणाले, "ठीक!"

दुपारी पूजेसाठी शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसली. आपापली पूजा उरकून सगळ्या आमच्याकडं आल्या होत्या. भज्जी, उंडे, आंबील. हॉटेलवाल्यालाही मी मुद्दाम बोलावलं होतं. वास गेला हे त्याच्याच तोंडून सगळ्यांसमोर ऐकायचं होतं. आणि वारं फिरलं.

पहिल्यांदा आमच्या जाऊबाईंनी पदर नाकाला लावला. मग सगळ्यांनीच. "अगं बया, नाक गेलं माझं!" कुणीतरी पत्रावळ घेऊन उठलं. सर मात्र मांडी घालून निवांत जेवत होते. रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "सचिवबाई, भज्जी झकास. पण मिरची जरा जास्त झालीय हं. डोळ्यांत पाणी आलं बघा."

सगळे खो खो हसले. "सर लई नाटकी!" आम्हाला वाटलं, थट्टाच करतायत.

सरांनी मान वर केली. एकेकीच्या नाकावरचा पदर पाहिला. हातातला घास खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "काय येतंय?"

भुवया उडाल्या नाहीत. हॉटेलवाला ओरडला, "आरं, सरांना वासच येत न्हाय की!" आणि आम्ही पुन्हा हसलो. पहिलं हसू समजण्यासारखं होतं. दुसरं आठवलं की आजही माझी मान खाली जाते. सर उठले, पंप बंद केला, चप्पल घातली आणि बांधावरून चालत गेले. हात धुतले नव्हते.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले.

"करोनाच्या तापात गेलं," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "परत आलंच नाही."

"मग सर, लिटमसची पट्टी होती ना? ती बुडवली असती तर ॲसिडचं कळलं असतं."

"असतं. पण पट्टी काढली असती, तर तुम्ही विचारलं असतं, सर, आज नाक का नाही?" मग म्हणाले, "घरात फोडणी बसली की मी रोज म्हणतो, वा, काय वास सुटलाय."

चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच उभ्या राहिल्या. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. सरांनी उठून त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि मला म्हणाले, "या आता, सचिवबाई."

आता यंत्र शांताबाई चालवतात, पट्टी लावून. हॉटेलवाल्याची तक्रार नाही. उलट तोच म्हणतो, "आपून सगळ्यांनी जाऊन सरांना घेऊन येऊ." बैठकीत हा विषय मी पहिला घेते. कुणाची ऊसतोड निघते, कुणाची म्हैस व्यायला होते. खरं कारण वेगळं आहे: त्या दारात पहिला शब्द कुणी बोलायचा?

परवा येडेश्वरीच्या देवळाच्या वाटेवर फुलांच्या दुकानापाशी सर दिसले. त्यांनी मोगऱ्याचा गजरा उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे होते. डोळे उघडले तर समोर मी. चोरी पकडल्यासारखा त्यांनी तो पटकन टोपलीत ठेवला. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. वर पाहिलं तोवर ते गर्दीत गेले होते.

सरांकडे सगळ्यांनी मिळून जायचं अजून राहिलं आहे.