पुलावरची मेथी

दुष्काळी कामावर मी हजेरी कारकून होतो, तेव्हा लोहाऱ्याच्या रस्त्यावर दोन गाळ्यांचा पूल झाला. ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता, त्यामुळं पाया खणणं सोपं गेलं. अडचण पुढं होती. स्लॅब टाकला की तो चौदा दिवस ओला ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. आमच्या मिस्त्रींचा आधीच्या मोरीवरचा स्लॅब असाच तडकला होता आणि साहेबांनी तो घणांनी फोडायला लावला होता. "हाही फोडावा लागला तर तुम्ही घरी," असं त्यांनी मिस्त्रींना बजावलं होतं.

मी नेहमीप्रमाणं यादी केली. रोज सकाळी एक टँकर. गोणपाटं. स्लॅबवर पाणी अडवायला मातीचे बांध, म्हणजे शेतात करतो तसे वाफे. माती जवळच्या वावरातून. हे शेवटचं कलम नडलं. ते वावर कामावरच्याच एका म्हातारीचं होतं.

"माती माझी, तवा वाफं बी माझंच," ती म्हणाली. आम्ही हसलो. ती हसली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्या बांधांवर मेथी पेरली.

आठवड्यात पुलाखाली फुफाटा आणि पुलावर भाजी. गावोगावची माणसं बघायला यायची. शेळ्याही यायच्या. त्यांना हाकायला मला दोन गडी लावावे लागले. हे काम माझ्या यादीत नव्हतं.

बाराव्या दिवशी काही न कळवता साहेबांची जीप आली. मिस्त्रींचा चेहरा उतरला.

"आज्जी, उपटा ती! सरकारी पूल हाय, तुमचं परसू न्हाय!"

"चार बोटं झालीया, मिस्तरी. आन् कालवणात काय तुमच्या सळया घालू?"

मिस्त्रींनी स्वतःच वाकून मूठभर उपटली, तोवर साहेब वर पोचले. मूठ पाठीमागं गेली.

"ही कुणी पेरली?" साहेबांनी विचारलं.

"म्या," म्हातारी म्हणाली. "स्लॅबाच्या तिसऱ्या दिशी."

साहेब उकिडवे बसले. पानं चाचपली, बांधात बोट खुपसलं. मिस्त्रींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तेवढं पाणी स्लॅबला पुरलं असतं.

"या उन्हात एक दिवस जरी पाणी चुकलं असतं," साहेब उठत म्हणाले, "तर हिनं मान टाकली असती. मिस्त्री, तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. पण मेथीचं मानतो. स्लॅब फोडायचा नाही. अजून दोन दिवस पाणी चालू ठेवा."

मिस्त्रींनी गहिवरून दोन्ही हात जोडले. हातांत मेथी.

"बघा सायेब, चोर!" म्हातारी ओरडली.

"जिथली आहे तिथं लावा," साहेब म्हणाले.

मिस्त्री बांधापाशी खाली बसले आणि एकेक काडी खोचू लागले. म्हातारी कमरेवर हात ठेवून डोक्याशी उभी राहिली.

"मुळं खाली करा, मिस्तरी," ती म्हणाली. "वर न्हाय."