आईच्या डोक्यामागचं इंजेक्शन

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. इस्रायलमधल्या अश्दोदहून तेल अविवला जाणाऱ्या बसमध्ये मी आईशेजारी बसले होते. जास्त कोण घाबरलं होतं, ती की मी, हे आजही सांगता येणार नाही…

आईचं डोकं दुखायचं म्हणजे साधंसुधं नाही. मानेतून कळ उठायची ती थेट डोळ्यापर्यंत. गोळ्या झाल्या, बाम झाले, तिच्या कारखान्यातल्या रजाही संपल्या. खवणीची खरखर तिला सोसायची नाही, म्हणून घरात नारळ खवणंच बंद. कोकणातली माणसं आम्ही, आणि आमटीत नारळ नाही…

शेवटी डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या मागच्या बाजूला नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघू.

"सुई मेंदूत गेली तं मी तुला वळखीन काय गो?" आईने बसमध्ये विचारलं. मी हिब्रूत म्हटलं, "यिहिये बेसेदर, ईमा." सगळं ठीक होईल, आई… मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात नर्सने आईच्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि बघतच राहिली. चार लोकांत जायचं म्हणून आईने वाटीभर खोबरेल थापून वेणी घातली होती. नर्स स्पिरिटने पुसतेय, तेल काही संपत नाही, आणि आई पुटपुटतेय… एलियाहू हन्नाबी, बरी झाले तर मलिदा करीन. गोड पोहे आणि ओला नारळ, हा आम्हा बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, एलियाहू पैगंबराला नवस.

सुई गेली. आईने माझा हात असा आवळला की माझीच बोटं बधिर झाली.

"मागचं डोकं हाय ना जाग्यावर?" तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता दुखणार नाहीच. बधिरपणा उतरला की खरं काय ते कळेल.

घरी येऊन आई भिंतीकडे तोंड करून झोपली. मी सारखी दाराशी जाऊन कानोसा घ्यायचे, पण विचारायची हिंमत होईना. हेही लागू पडलं नाही तर पुढे काय…

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून आले आणि जिन्यातच थबकले. वरून खरखर ऐकू येत होती. दार उघडलं तर आई खवणी घेऊन बसलेली, शेजारी पोहे भिजत घातलेले.

दुखणं पुढे परत आलं, पुन्हा सुया घ्याव्या लागल्या. पण आजही कुणी नारळ खवायला बसलं की मी हातातलं काम सोडून ऐकत उभी राहते… माझी अर्धी प्रार्थना तिथेच होते.