अप्पांचा लाल टॅग

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं शाफ्ट तपासले. शाफ्ट मापाच्या गेजमधून सरळ गेला तर हिरव्या क्रेटमध्ये, अडकला तर लाल. लाल क्रेटमधल्या प्रत्येक नगाला लाल टॅग बांधायचा: भाग काय, दोष काय, कारण काय, तपासणाऱ्याची सही. टॅगवर तारीख लिहायची राहिली तर अप्पा तो फाडून टाकत आणि लिहिणाऱ्याची भर शॉपमध्ये बिनपाण्याने हजामत करत. घरीही तेच. आईची भाकरी करपली की विचारायचे, "कारण काय लिव्हू?" आई म्हणायची, "नवरा लिहा."

मी चाकणच्या पट्ट्यात औषधांवर संशोधन करणाऱ्या एका कंपनीत आहे. महाळुंग्यातल्या आमच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. माझ्या मशीनमध्ये पेशी एकामागोमाग एक, एकेका थेंबात बसून लेसरसमोरून जातात. त्यांना आम्ही आधी एक चमकणारा रंग लावलेला असतो. तो फक्त ठरावीक पेशींना चिकटतो. पेशी चमकली की तिचा थेंब डावीकडच्या नळीत, नाही तर उजवीकडे. हे ऐकून अप्पा म्हणाले होते, "म्हंजे इन्स्पेक्शनच की. एवढं शिकून बापाच्याच धंद्यात आलीस व्हय!" मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझं काम इतकं नेमकं कोणालाच कळलं नव्हतं.

मग त्यांच्याच रक्तात बिघाड निघाला. हाडांच्या आतल्या मज्जेत कच्च्या पेशी तयार होत होत्या, पण पिकून कामाला लागत नव्हत्या. आणि आम्ही लॅबमध्ये नेमकं हेच करत होतो: रक्ताच्या कच्च्या पेशींना एक रसायन द्यायचं, सहा दिवस वाट पाहायची आणि त्यातल्या किती पिकल्या ते मशीनवर वेगळं काढायचं. पिकलेल्यांना हिरवा रंग चिकटे. हे मी घरी बोलायला नको होतं. पण बोलले. बशीतल्या पेशीपासून माणसाच्या औषधापर्यंत कित्येक वर्षं जातात, हेही सांगितलं; ते अप्पांनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुचवली होती आणि त्यांना इंजेक्शनं नको होती. रोज डब्याच्या सुट्टीत त्यांचा फोन यायचा, "पिकल्या का गं?"

सहा दिवस भरले त्या दिवशी फोन तीनदा आला. नमुना मशीनवर चढवण्याआधी त्यात आणखी एक रंग घालून वीस मिनिटं थांबायचं असतं. तो मेलेल्या पेशी ओळखून देतो. मेलेली पेशी मोठी फसवी. कुठलाही रंग चिकटवून घेते आणि पिकलेल्या पेशीइतकीच झगझगीत चमकते. मी ती वीस मिनिटं थांबले नाही. स्क्रीनवर हिरव्या ठिपक्यांचा थवा उठला आणि मी मास्क न काढताच फोन लावला. "पिकल्या, अप्पा."

संध्याकाळी घरी आले तर समोरचे गॅरेजवाले चाचा रस्त्यातच हसत होते. "बेटी, शुगर आहे म्हटलं तरी तुझ्या अप्पाने पेढा कोंबला माझ्या तोंडात!" आळीत एक घर सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळीत जमवलेल्या पेशींवर निळा रंग टाकला. जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या निळ्या होत्या. एकूण एक. साहेब म्हणाले, "ठीक आहे, पुन्हा कर." लॅबमध्ये गोष्ट एवढीच असते.

घरी मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. अप्पा पुन्हा दीड भाकरी खायला लागले होते आणि आई त्यांच्या ताटाकडे बघून हसायची. ते मोडायची माझी छाती झाली नाही. असे वीस दिवस गेले. मग दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला: पेशंटने इंजेक्शनाची तारीख दोनदा पुढे ढकललीय, म्हणतात पोरीचं औषध येतंय. आईला वाटत होतं, तारीखच मिळत नाहीये.

मी दारातल्या ओट्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

"मंग चमकत व्हतं ते काय?"

"मेलेल्या पेशी, अप्पा."

"आन तू तपासल्या न्हाईस?"

"घाईत राहिलं."

"कसली घाई?"

"कामाची," मी म्हटलं.

त्यांनी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि तो खिशात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. "टॅग लाव त्याला," एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर दुपारी त्यांचा फोन कधी आला नाही. मी मात्र डबा खाताना फोन समोर ठेवत राहिले.

इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या फेरीआधी ताप भरला आणि आठ दिवसांत अप्पा गेले. ते तीन आठवडे वाया गेले नसते तरी कदाचित फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. हा ‘कदाचित’ मी लॅबमध्ये रोज लिहिते. त्या दिवशी तो ऐकून मला भयंकर संताप आला.

तेराव्यानंतर आईने खुंटीवरची त्यांची जुनी डब्याची पिशवी माझ्याकडे दिली. तळाशी टॅगचा ब्लॉक होता, वर्कशॉपमधून आणलेला. सगळ्यात वरचा टॅग भरलेला होता. अक्षर थरथरतं, पण रकाने बरोबर. भाग: पेशी. दोष: मेलेल्या. कारण: बापाने सारखा फोन करून घाई केली. खाली त्यांची सही, माझ्या प्रगतिपुस्तकांवर असायची तीच. तारीख आम्ही ओट्यावर बोललो त्या दिवसाची.

मी खूप रडले. मग ब्लॉकमधला पुढचा टॅग घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: वीस दिवस गप्प बसले. खाली सही केली. तारखेपाशी हात थांबला. त्या वीस दिवसांतली कुठली टाकायची, हे विचारायला आता अप्पा नव्हते.